शहराकडून आलेलं ते पत्र रद्दीत टाकू नका

विषय: पाण्याच्या पाइपबद्दल शहराचं पत्र (शिकागो शहरात राहणाऱ्यांनी जरूर वाचा)
प्रेषक: अर्व्हिंग पार्कमधली सभासद

नमस्कार मंडळी,

मी आपल्या मंडळाच्या या ईमेल यादीवर फारसं लिहीत नाही. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचं घर 1924 सालचं टू-फ्लॅट. खाली आम्ही, वर भाडेकरू. गेल्या महिन्यात शहराच्या पाणी खात्याचं पत्र आलं, ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात गेलं आणि तिथेच राहिलं. परवा सासूबाई रद्दी निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, यावर आपला पत्ता छापलाय आणि मोठ्या अक्षरात 'लेड' लिहिलंय, हे टाकायचं का?" वाचलं आणि पोटात गोळाच आला. रस्त्याखालच्या मोठ्या नळातून आमच्या घरात येणारी सर्व्हिस लाइन शिशाची आहे, असं त्यात सरळ लिहिलं होतं.

त्याच रात्री टॉर्च घेऊन बेसमेंटमध्ये उतरले. रस्त्याकडच्या भिंतीपाशी जमिनीतून एक पाइप वर येतो आणि मीटरला जोडला जातो. मळकट राखाडी, जोडापाशी गाठीसारखा फुगलेला. फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं, चिकटेना. मग किल्लीने हलकेच खरवडलं. खालून लख्ख रुपेरी रेघ निघाली. इतक्या मऊ धातूतून आपण रोज पाणी पितो हे तोवर कधी मनातही आलं नव्हतं.

माझी लेक सात महिन्यांची आहे. पहाटे तिची दुधाची पावडर मी नळाच्या गरम पाण्यात कालवते, कारण गडबडीत तेच हाताशी असतं. गेले सात महिने हेच चाललंय.

पाणी उकळलं तर चालेल का? फिल्टर कोणता घ्यायचा? पाइप बदलायचा तर कुणाला गाठायचं? कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा. आणि तुमच्याकडेही असं पत्र आलं असेल तर आधी ते रद्दीतून शोधून काढा.

---

प्रेषक: पाणीशुद्धीकरणातून निवृत्त झालेले काका

अगं पोरी, घाबरू नकोस, पण उद्या सकाळची वाटही पाहू नकोस. दोन गोष्टी आत्ताच बंद कर.

एक, नळाचं गरम पाणी. गरम पाण्यात शिसं जास्त विरघळतं, शिवाय ते हीटरच्या टाकीत बराच वेळ पडून असतं. पिण्याला, स्वयंपाकाला आणि बाळाच्या दुधाला फक्त गार पाण्याचा नळ, मग ते गॅसवर तापव. दुसरं, उकळण्यावरचा भरवसा. उकळून जंतू मरतात, शिसं हा धातू आहे, तो जात नाही. उलट वाफ होऊन पाणी कमी होतं आणि शिसं तेवढंच उरतं. आपल्यापैकी कितीतरी जणांना वाटतं की उकळलं म्हणजे पाणी निर्धोक. या एका समजापायी लोक वर्षानुवर्षं निश्चिंत राहतात, म्हणून मी हे इतकं ठासून लिहितोय.

फिल्टरच्या खोक्यावर "एनएसएफ/एएनएसआय 53" (फिल्टर तपासण्याचं अमेरिकेतलं मानक) आणि त्याच्यासोबत शिसं कमी करतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं 42 असेल तर त्यातून चव आणि क्लोरीनचा वास सुधारतो, त्यावर शिशासाठी विसंबू नकोस. आरओ घेणार असशील तर त्याचं मानक 58. आतलं काडतूस सांगितलेल्या मुदतीत बदलायचं.

आता हे शिसं येतं कुठून ते सांगतो. सरोवरातून नाही. मिशिगन सरोवराचं पाणी नेव्ही पिअरजवळच्या जार्डिन आणि दक्षिणेकडच्या सॉयर या दोन केंद्रांत शुद्ध होतं, आणि तिथून निघताना त्यात शिसं जवळजवळ नसतंच. ते लागतं शेवटच्या टप्प्यात, रस्ता ते घर. शिकागोच्या बांधकाम नियमांत लहान घरांना शिशाचीच लाइन टाकायची सक्ती होती, आणि ती 1986 साली देशभर बंदी येईपर्यंत टिकली. म्हणून आज अमेरिकेतल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त, सुमारे 4 लाख शिशाच्या लाइनी या एका शहरात आहेत. केंद्रात पाण्यात फॉस्फेट घालतात, त्याने पाइपच्या आत पातळ थर बसतो आणि शिसं पाण्यात उतरणं कमी होतं. पण जवळपास खोदकाम झालं, मीटर बसवला, पाइप हलला की तो थर सुटतो. नव्या मीटरच्या काही घरांत शिसं वाढलेलं दिसल्यावर 2019 साली शहराने मीटर बसवणं थांबवलं होतं.

पाइपला पुन्हा खरवडू नकोस, ओळखायला एकदा हलकेच केलंस तेवढं पुरे, आणि खरवडलंस त्या हातांना साबण लाव.

एक विचारायचं राहिलं. वरच्या भाडेकरूंना सांगितलंस का?

---

प्रेषक: नेपरव्हिलचे सभासद

नमस्कार. विषय महत्त्वाचा आहे, पण आमच्यासारखे निम्मे सभासद उपनगरांत राहतात. आमचं घर 1998 चं. पाणी सरोवराचंच, शिकागोकडून विकत घेतलेलं, पण पाइप तांब्याचे. ही चर्चा शहरातल्या लोकांपुरती वेगळी चालवली तर बरं होईल का? राग नसावा.

---

प्रेषक: ओक पार्कच्या काकू

राग कसला! पण वेगळी नको, इथेच चालू दे. उपनगर म्हटलं की नवीन घर असंच नसतं. ओक पार्क, बर्विन, एव्हन्स्टन इथे शंभर वर्षांची घरं आहेत आणि त्यांतल्या कितीतरी घरांत शिशाच्याच लाइनी आहेत. शिवाय तुमची मुलं-सुना शहरात भाड्याने राहतात, नातवंडं शहरातल्या डेकेअरमध्ये जातात. तुमचं घर 1998 चं असेल, पण नातू दिवसभर पाणी कुठलं पितो?

2024 साली बालरोगावरच्या एका वैद्यकीय नियतकालिकात शिकागोवर अभ्यास आला होता. सहा वर्षांखालच्या साधारण 68 टक्के मुलांच्या पिण्याच्या पाण्यात शिसं असावं, असा त्यात अंदाज होता. मला तो आकडा विसरता येत नाही. शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. वाढत्या मेंदूवर ते हळूहळू परिणाम करतं आणि आईबापाला वाटतं, पोर जरा हट्टी आहे, अभ्यासात लक्ष लागत नाही एवढंच.

अर्व्हिंग पार्कच्या ताई, बाळाच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी मागून घ्या. साधारणपणे मूल वर्षाचं आणि दोन वर्षांचं झाल्यावर ती करतात, पण तुम्ही कारण सांगितलंत तर आधीही होईल. एका डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की डॉक्टर पुढे लक्ष ठेवतात. आणि स्वतःला दोष देऊ नका. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

---

प्रेषक: रॉजर्स पार्कमधला विद्यार्थी

काका, मी तीस घरांच्या कोर्टयार्ड बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतो. घरमालक म्हणाले, इथे काही काळजी नाही. विश्वास ठेवू का? भाडेकरूला तपासणी मागता येते का?

---

प्रेषक: निवृत्त काका

येते की. 311 ला, म्हणजे शहराच्या मदत क्रमांकावर, फोन कर किंवा त्यांच्या ॲपवर अर्ज कर, शहर पाणी तपासायच्या बाटल्या फुकट पाठवतं. मालकाची परवानगी लागत नाही. शिवाय शहराने पत्त्यावरून शोधायची यादी ऑनलाइन ठेवली आहे. पत्ता टाकलास की लाइन कशाची आहे, किंवा अजून तपासलेली नाही, ते कळतं.

तुझे मालक कदाचित खरं सांगत असतील. मोठ्या इमारतीची लाइन दोन इंचांहून रुंद असते आणि एवढे रुंद पाइप शिशाचे टाकत नसत. पण इमारत जुनी असेल तर आतल्या तांब्याच्या पाइपचे जोड शिशाच्या डाखाचे असू शकतात, आणि 2014 च्या आधीच्या पितळी तोट्यांतही शिसं चालत असे. तेव्हा बाटल्या मागवच. दर दोनेक महिन्यांनी तोटीच्या तोंडाची जाळी काढून धू, तिच्यात कण अडकून बसतात.

बाटल्या कशा भरायच्या तेही सांगतो, कारण इथेच चूक होते. आदल्या रात्रीपासून किमान सहा तास घरातला एकही नळ उघडायचा नाही, फ्लशसुद्धा नाही. मग पहिली बाटली एक थेंबही वाया न घालवता भरायची, आणि पुढच्या पाणी वाहू देऊन, सोबतच्या कागदावर दिलेल्या मिनिटांनी. पहिल्या बाटलीत येतं ते तुझ्या स्वयंपाकघरातल्या पाइपमधलं पाणी. रात्रभर सर्व्हिस लाइनमध्ये साचलेलं पाणी त्याच्या मागून येतं. म्हणून "अर्धा मिनिट नळ सोडला की झालं" हे खरं नाही. अर्ध्या मिनिटाने कदाचित नेमकं शिशाच्या पाइपमधलंच पाणी पेल्यात येईल. सकाळी निदान पाच मिनिटं वाहू द्या. अंघोळ, कपड्यांचं मशीन आधी उरकलंत तर तेवढंही पाणी वाया जात नाही.

आणखी एक. शहराचा वार्षिक अहवाल "पाणी नियमात बसतं" म्हणतो, ते खोटं नाही. पण ते शहरभरातल्या नमुन्यांवरून. 1991 पासूनची शिशाची मर्यादा अब्जात 15 भाग, 2024 च्या फेडरल नियमात ती 10 वर आणायचं ठरलं. ती मर्यादा शहराने हालचाल कधी करायची एवढंच ठरवते. लहान मुलाला किती शिसं चालेल याचा आकडा शून्य.

---

प्रेषक: पोर्टेज पार्कचा सभासद

आमची लाइन मागच्या वर्षी बदलून झाली, म्हणून अनुभव लिहितो.

आधी एका कंत्राटदाराने निम्म्या पैशात काम सांगितलं होतं, म्हणजे फक्त घराच्या बाजूचा पाइप बदलायचा आणि रस्त्याकडचा तसाच ठेवायचा. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. मग कळलं की इलिनॉयच्या कायद्यात असं अर्धवट काम चालत नाही, आणि ते बरंच आहे. जुना पाइप कापला की त्यातलं शिसं सुटून काही काळ पाण्यात आणखीच वाढतं. तेव्हा कुणी स्वस्तात अर्धं काम करून देतो म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

पूर्ण कामाचा खर्च 15 ते 30 हजार डॉलर सांगतात, खोदाई किती त्यावर. पण शहराचे कार्यक्रम आहेत. तुम्ही स्वतः त्या घरात राहत असाल आणि घराचं उत्पन्न या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या 80 टक्क्यांच्या आत असेल तर फुकट करून मिळण्यासाठी अर्ज करता येतो. स्वतःच्या खर्चाने करणाऱ्यांना परवान्याच्या शुल्कात सूट आहे. लाइन फुटली किंवा गळायला लागली तर शहर पूर्ण लाइन बदलून देतं. तुमच्या गल्लीतला मोठा नळ बदलायला आले तर घरची लाइनही त्याच वेळी बदलली जाते, फक्त घरमालकाची सही लागते. ती सही वेळेवर द्या.

प्रत्यक्ष काम दिवसाभराचं होतं. फुटपाथपाशी एक खड्डा, बेसमेंटच्या फरशीला एक भोक, आणि मधून नवीन तांब्याचा पाइप ओढून घेतला. अंगणातलं झाड तसंच राहिलं. काम झाल्यावर सगळ्या जाळ्या काढून नळ अर्धा तास सोडून ठेवायला सांगितलं होतं. पुढचे सहा महिने आम्ही फिल्टरचंच पाणी प्यायलो, कारण घरातल्या जुन्या पाइपमध्ये साठलेले कण तेवढे दिवस निघत राहतात.

---

प्रेषक: अर्व्हिंग पार्कमधली सभासद

पाच आठवड्यांनी लिहितेय. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः काकांचे आणि ओक पार्कच्या काकूंचे.

बाटल्या पहाटे साडेपाचला भरल्या. रात्री साडेदहापासून नळ बंद. सासूबाईंनी बाथरूमच्या दारावर चिठ्ठी चिकटवली होती आणि स्वतः खुर्ची टाकून बसल्या होत्या, कुणी विसरून फ्लश करू नये म्हणून. निकाल काका म्हणाले तसाच आला. पहिल्या बाटलीत शिसं थोडं, त्यापुढच्या बाटलीत त्याच्या दुपटीहून जास्त. पहिल्याच बाटलीवर थांबले असते तर समाधान मानून बसले असते.

लेकीची रक्ततपासणी झाली. आकडा 3.5 च्या खाली आहे. डॉक्टरांनी ती वर्षाची झाल्यावर पुन्हा बोलावलंय. तो फोन आला तेव्हा मी गाडीतच बसून राहिले, दहा मिनिटं गाडी सुरूच करता आली नाही.

काका, वरच्या भाडेकरूंचं तुम्ही विचारलंत तेव्हा मी त्यांना सांगितलं नव्हतं. भीती वाटत होती, घर सोडून जातील म्हणून. तुमचं पत्र वाचून त्याच संध्याकाळी वर गेले, शहराचं पत्र दाखवलं, त्यांच्यासाठीही फिल्टर घेऊन गेले. त्या बाई चार महिन्यांच्या गरोदर आहेत. मला माहीतच नव्हतं. त्यांनी हात धरून ठेवला, आणि घर सोडायचा विषय निघालाच नाही.

आमच्या उत्पन्नावर फुकट कार्यक्रम मिळत नाही. परवान्याचा अर्ज भरलाय आणि दोन कंत्राटदारांकडून पूर्ण लाइनचे अंदाज मागवलेत.

---

प्रेषक: सचिव

मंडळी, कार्यकारिणीने ठरवलंय ते थोडक्यात कळवतो.

आपल्या यादीत एकटे राहणारे बरेच ज्येष्ठ सभासद आहेत. त्यांच्याकडे पत्र आलं तरी इंग्रजी मजकूर बारीक छापलेला, आणि बेसमेंटच्या जिन्यावरून खाली उतरणं त्यांना जमत नाही. त्यांच्या घरी जाऊन पाइप पाहायला, पत्त्याची यादी तपासायला आणि 311 चा अर्ज भरून द्यायला आतापर्यंत सहा जणांनी नावं दिली आहेत. रॉजर्स पार्कचे विद्यार्थी मित्र शहराच्या पत्राचा मराठी सारांश करताहेत, काका तो तपासून देतील. नेपरव्हिलच्या सभासदांनी स्वतःहून शनिवारी गाडी घेऊन यायचं कबूल केलंय.

ज्येष्ठांनी किंवा त्यांच्या मुलांनी मला फक्त तीन गोष्टी कळवा: घर कोणत्या भागात, अंदाजे कोणत्या साली बांधलेलं, आणि घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई आहे का. ज्या घरी मूल आहे तिथे आधी जाऊ. येणाऱ्यांनी टॉर्च, चुंबक आणि एक किल्ली सोबत आणावी.