अलॉयसाठी व्हील नट: ॲल्युमिनियमचे घ्यावेत की स्टीलचे?

फोंडाघाटमार्गे
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट, २०१९ची पेट्रोल. स्टीलच्या रिम काढून बाहेरून १५ इंची अलॉय बसवतोय. दुकानदार म्हणतो, सोबत ॲल्युमिनियमचे रंगीत नट घ्या, वजनाला हलके, गंज नाही, दिसतातही छान. मुलीला लाल रंग फार आवडलाय. पण गाडीत आई-वडील असतात, पुण्याहून कणकवलीला जाणं-येणं सारखं चालू असतं आणि चाकाच्या बाबतीत मला कसलीच जोखीम नको. किमतीतला फरक परवडेल. तुम्ही काय घ्याल?

गॅरेज_सातारा
स्टील. कारण सांगतो, म्हणजे दुकानदाराशी बोलता येईल.

चाक नटांवर टांगलेलं नसतं. नट आवळला की स्टड, म्हणजे हबमधून (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बाहेर आलेला आट्यांचा दांडा, किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे रिम हबवर घट्ट दाबली जाते. १२ मिमीचा कोरडा स्टड १०० न्यूटन-मीटरला आवळला, तर एकेका नटामागे साधारण ४ टनांचा दाब येतो. गाडीचं वजन, ब्रेकचा जोर, खड्ड्यांचे दणके हे सगळं त्या दाबातून येणारं घर्षण पेलतं. तो दाब टिकवून धरणं हेच नटाचं काम. चांगला फोर्ज केलेला ७०७५-टी६चा (ॲल्युमिनियमचा एक मजबूत मिश्रधातू) नवा नट ते करतो, त्याबद्दल वाद नाही. पण स्टड कडक स्टीलचा आणि नट त्याच्यापेक्षा मऊ, त्यामुळे काढ-घाल होईल तसे नटाचे आटे ओरबाडत जातात. मग टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) ठरल्या आकड्याला कट् करतो खरा, पण बराचसा जोर आट्यांच्या घासण्यातच जिरलेला असतो आणि दाब कमी पडतो. बाहेरून बघून हे कळायचं नाही.

दुसरं, तुमचं चाक उघडणार कोण? हायवेवरचा पंक्चरवाला. नट आधी हाताने चढवून मग एअर गन लावणारे फार थोडे. तिरका लागलेला ॲल्युमिनियमचा नट गनच्या जोराने आटे कापत आत जातो, आणि चढवणाऱ्याला वाटतं बसला व्यवस्थित.

भाट्ये_किनारा
रत्नागिरीतून लिहितोय. ‘गंज नाही’ हे अर्धंच खरं. ॲल्युमिनियमवर लाल गंज येत नाही, पण स्टीलच्या स्टडला चिकटून खारी ओल मिळाली की झिजतं ते ॲल्युमिनियमच. पांढरी भुकटी धरते आणि नट जाम होतो. रंगाचा थर पान्याने घासला गेला की तिथून सुरुवात. स्टीलचा नट जाम झाला, कोपरे गोल झाले, तर त्यावर दुसरा नट वेल्ड करून फिरवता येतो. ॲल्युमिनियमवर स्टीलचं वेल्डिंग धरतच नाही, मग ड्रिल मारत बसायचं.

स्टीलमध्येही एक बघून घ्या. वरून चकचकीत पातळ टोपी चढवलेले नट येतात. टोपीखाली पाणी शिरून गंज फुगतो आणि मग १९चा पाना बसत नाही, २१चा सैल होतो. पावसात, रस्त्याकडेला हे फार महागात पडतं. एकसंध नट घ्या.

बंगळूर_ट्रॅक
थोडी वेगळी बाजू मांडतो. मी कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर जातो, माझ्या गाडीला ॲल्युमिनियमचेच नट आहेत आणि मी समाधानी आहे. पण माझी चाकं दुसऱ्या कोणाच्या हाताला लागत नाहीत. दर वेळी हाताने चढवतो, टॉर्क रेंचनेच आवळतो, आट्यांवर नख फिरवून बघतो आणि जरा शंका आली की संच बदलतो. गनची भीती खरी आहे. २०२१च्या फॉर्म्युला वनच्या मोनॅको शर्यतीत बोटास या ड्रायव्हरचं पुढचं उजवं चाक पिट स्टॉपला निघालंच नाही, गनने नटाचे दात खरवडून टाकले होते. जगातली सर्वात सरावलेली माणसं हाताळत असताना हे होतं. रोजच्या घरच्या गाडीला मीही स्टीलच सांगेन. हलकेपणाचा फायदा मात्र आहे.

आकडेमोड_नाशिक
तो फायदा किती, ते बघू. १६ नटांमागे वाचतात अंदाजे ४०० ते ५०० ग्रॅम. शिवाय हे वजन चाकाच्या मध्याजवळ आहे. स्विफ्टचे स्टड मध्यापासून ५० मिमीवर, टायरची बाहेरची कड सुमारे ३१० मिमीवर. फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे कडेवरचा एक ग्रॅम नटाजवळच्या ३८ ग्रॅमइतका भारी पडतो. वजनच कमी करायचं असेल तर हलकी रिम आणि टायर निवडा.

माझ्या मते धातूपेक्षाही दोन गोष्टी आधी तपासा. पहिली, आटे. मारुतीला १२ × १.२५ (१२ मिमी जाडी, दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिमी) लागतो, ह्युंदाई-होंडा-टोयोटाला १२ × १.५. दुकानात दोन्ही एकाच डब्यात पडलेले असतात. चुकीचा नट हाताने एखाद-दोन फेरे जातो आणि अडतो, तिथे गन लावली की नट आणि स्टड दोन्ही गेले. बरोबर नट हाताने ९-१० फेरे सहज फिरला पाहिजे.

दुसरी, बैठक, म्हणजे नट रिमला जिथे टेकतो तो भाग. बाहेरच्या अलॉयना बहुतेक वेळा ६० अंशांचा शंकू लागतो, होंडाच्या कंपनीच्या रिमला गोलाकार, टोयोटाच्या कंपनी अलॉयला सपाट वॉशरवाला. बैठक जुळली नाही तर नट कडेवरच टेकतो आणि कितीही आवळला तरी सैल होतो. तसंच स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिमी. रिमचं मधलं भोक मोठं असेल तर मापाची हब रिंग घाला, म्हणजे चाक मध्यावर बसेल.

फोंडाघाटमार्गे
सगळ्यांचे मनापासून आभार. एकसंध स्टील, ६० अंश, १२ × १.२५ नक्की केलं. मुलीला लाल व्हॉल्व्ह कॅप घेऊन देतो. आट्यांना ग्रीस लावावं का? आणि परत कधी आवळायचे?

गॅरेज_सातारा
ग्रीस, तेल काही नको. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा असतो, तेल लावलं तर त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो. आवळताना समोरासमोरचे घ्या, दोन टप्प्यांत. नव्या अलॉयवर ५० ते १०० किमी झाले की गार चाकावर पुन्हा रेंच लावून बघा. कोकणात निघायच्या आधी हे उरकून घ्या.

आणि जुने नट देऊन टाकू नका. स्टेपनी स्टीलचीच राहणार ना? नवे नट लांबीला किंवा आकाराला वेगळे असले तर तिला नीट बसतीलच असं नाही. कंपनीचे ४ नट पिशवीत बांधून जॅकजवळ ठेवा आणि घरात अजून कोणी गाडी चालवत असेल तर त्यांनाही सांगून ठेवा.