दोन पगारांत गृहकर्ज मुदतीआधी कसे फेडावे? (सांगली)

प्रश्न – कुपवाडचा पर्यवेक्षक

नमस्कार. मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे आणि पत्नी मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. माझ्या हातात दरमहा ३८,००० आणि तिच्या हातात २४,००० रुपये येतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही विश्रामबागेत फ्लॅट घेतला. त्या कर्जाचे २२ लाख रुपये मुद्दल आज शिल्लक आहे, व्याजदर बदलता असून सध्या ८ टक्के आहे, हप्ता १९,७६२ रुपयांचा आहे आणि अजून १७ वर्षे बाकी आहेत.

गेल्या आठवड्यात कर्जखात्याचे विवरणपत्र घेऊन बसलो, तेव्हा या महिन्याच्या हप्त्यातले १४,६६७ रुपये व्याजात आणि केवळ ५,०९५ रुपये मुद्दलात गेल्याचे दिसले. कर्ज घेतानाही हे कोणी तरी सांगितले असेल, पण आकडा डोळ्यांसमोर आल्यावर त्या रात्री झोप लागली नाही. माझे वय ३९ आहे आणि मुलगी ७ वर्षांची आहे. तिच्या बारावीनंतरच्या शिक्षणाचा खर्च सुरू होण्यापूर्वी, म्हणजे साधारण नऊ वर्षांत, हे कर्ज संपावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

घरखर्च असा: किराणा, दूध व भाजी १२,०००, शाळा व रिक्षा ५,०००, दोन दुचाकींचे पेट्रोल ४,५००, आई-वडिलांची औषधे ३,५००, वीज, गॅस, मोबाइल आणि सोसायटी मिळून ४,०००, मुलीचे सुकन्या समृद्धी खाते २,०००. हप्ता धरून हे ५०,७६२ रुपये होतात. म्हणजे ११,००० रुपये उरायला हवेत, प्रत्यक्षात दोन-तीन हजारच उरतात. वाळवा तालुक्यात वडिलांचा एकरभर ऊस आहे. खर्च वजा जाता वर्षाला साधारण ५०,००० रुपये ते माझ्याकडे देतात. याशिवाय एका पतसंस्थेत २,४०,००० रुपयांची ठेव आहे.

ही ठेव मोडून सगळी रक्कम कर्जात भरावी का? सुकन्याचे पैसे काही वर्षे थांबवून तेही भरावेत का? एक सहकारी म्हणतात की कर वाचतो म्हणून गृहकर्ज लवकर फेडूच नये. हे खरे आहे का? आणि घरातल्या माणसांची ओढाताण न होता खर्च कुठे कमी करता येईल? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ – गावभागातली ताई

दादा, ठेवीला आत्ता हात लावू नका. आमच्यावर जे ओढवले ते सांगते, म्हणजे कारण लक्षात येईल.

आमचे घर गावभागात, तळमजल्यावर. २०१९ च्या जूनमध्ये आम्ही साठवलेले दीड लाख रुपये मोठ्या समाधानाने कर्जात भरले. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. आमच्या घरात छातीएवढे पाणी आठवडाभर होते. पाणी ओसरल्यावर फ्रिज, गाद्या, धान्याच्या कोठ्या, मुलांची पुस्तके सगळे रस्त्यावर आणून टाकावे लागले. भिंतींना हात लावला तर गिलावा हातात येत होता. त्या दिवसांत दीड लाख रुपये आमच्याकडे असूनही नव्हते, कारण कर्जात भरलेली रक्कम बँक मागितली म्हणून परत देत नाही. शेवटी बांगड्या तारण ठेवून कर्ज काढले आणि त्याचा दर गृहकर्जापेक्षा जास्त होता. ते फिटते न फिटते तोच जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले.

तुमच्या विश्रामबागेत पाणी येत नसेल, पण आजारपण आणि कारखान्यातली कामगार कपात नदीला विचारून येत नाही. तुमचा हप्त्यासह खर्च महिन्याला ५०,७६२ रुपये, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च तीन लाखांच्या थोडा वर जातो. तुमची ठेव त्याहून कमीच आहे. आधी ती तीन लाखांपर्यंत न्यावी आणि मगच कर्जाकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे म्हणजे ती रक्कम पतसंस्थेत ठेवू नये. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांसह, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांच्या ठेवींना ते लागू नाही. ठेवीची मुदत संपली की रक्कम बँकेत हलवावी, म्हणजे मुदतीआधी मोडल्याचे नुकसानही होणार नाही. घराचा विमा नसेल तर तोही पाहावा. त्यात पुराचा समावेश आहे का आणि घरातले सामान धरले आहे का, हे वाचूनच सही करावी.

उत्तर २ – निवृत्त शाखाधिकारी

ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. कर्जाच्या तांत्रिक बाजूवर मी लिहितो, कारण अनेकजण पैसे भरतात आणि एका सहीअभावी त्यांचा अर्धा फायदा गमावतात.

बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना मनाई केली आहे. त्यामुळे तुम्ही कितीही वेळा जादा रक्कम भरू शकता. मात्र रक्कम भरताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असे लेखी द्यावे व पोच घ्यावी. काही ठिकाणी जादा रकमेनंतर हप्ता कमी केला जातो आणि मुदत तशीच राहते. महिन्याला हात थोडा मोकळा होतो, पण व्याजात होणारी बचत फारच कमी राहते.

आता तुमचा हिशेब. दर ८ टक्केच राहील असे धरून, आहे तसेच चालू ठेवल्यास उरलेल्या १७ वर्षांत साधारण १८ लाख ३१ हजार रुपये व्याज जाईल. दरमहा ६,००० रुपये जादा भरल्यास कर्ज १० वर्षे ७ महिन्यांत संपते आणि व्याजाचे सुमारे ७ लाख ६५ हजार रुपये वाचतात. त्यात ऊसबिलाचे ५०,००० रुपये दरवर्षी घातल्यास मुदत साडेआठ वर्षांच्या आसपास येते. तुमचे नऊ वर्षांचे उद्दिष्ट एवढ्यानेच गाठले जाते. त्यासाठी ठेव मोडण्याची गरज नाही. कायद्याप्रमाणे ऊस तुटून गेल्यापासून १४ दिवसांत बिल जमा व्हायला हवे. पण पहिली उचल, म्हणजे बिलाची पहिली रक्कम, खात्यावर दिसल्याशिवाय ती रक्कम कुठल्याही नियोजनात धरू नये, हे शेतकऱ्याच्या घरात मी वेगळे सांगायला नको.

व्याजदर बदलला की लगेच विवरणपत्र पाहावे. माझ्या पुतण्याने २०२१ मध्ये १८ लाखांचे कर्ज ७ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले होते, हप्ता १६,१७९ रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि त्याबरोबर पुतण्याच्या कर्जाचा दरही वाढला. त्याचा हप्ता तोच राहिला, म्हणून तो निर्धास्त होता. प्रत्यक्षात पंधरा वर्षांचे कर्ज वीस वर्षांवर गेले होते आणि हे त्याला वर्षभराने कळले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची, हा पर्याय कर्जदाराला द्यावा असे बँकांना बजावले; तो हक्क मागून घ्यावा. उलट दर उतरतो तेव्हा, जसा २०२५ मध्ये रेपो ६.५ वरून ५.२५ पर्यंत आला, तेव्हा हप्ता कमी करून घेऊ नये. जुनाच हप्ता चालू ठेवल्यास मुदत आपोआप घटते.

करासंबंधी सहकाऱ्याचे म्हणणे तुम्हाला लागू नाही. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत आहे, नव्या प्रणालीत नाही. आणि तुम्हा दोघांचे पगार पाहता नव्या प्रणालीत तुम्हाला करच लागत नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचवण्यासाठी व्याज भरत राहण्यात अर्थ नाही. सुकन्या खाते मात्र थांबवू नये. त्याचा दर जानेवारी २०२४ मध्ये ८.२ टक्के झाला आणि ते व्याज करमुक्त आहे. ८ टक्क्यांचे कर्ज फेडण्यासाठी ८.२ टक्क्यांची बचत बंद करणे हिशेबात बसत नाही, शिवाय ते पैसे मुलीच्या नावाचे आहेत.

उत्तर ३ – वहीवाली गृहिणी, मिरज

आमचे कर्ज गेल्या वर्षी सहा वर्षे आधी फिटले. आमच्याकडे पगार एकच, त्यामुळे जे झाले ते स्वयंपाकघरातल्या एका वहीमुळे झाले असे मला वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

वही साधी शंभर पानी आहे आणि ती तेलाच्या डब्याशेजारी असते. रात्री ओटा पुसून झाला की दिवसभराचा खर्च मी तिच्यात लिहिते. फोनवरून दिलेले पैसे विसरले जातात, म्हणून झोपण्याआधी पतीही त्यांच्या फोनमधले व्यवहार वाचून दाखवतात. पहिले तीन महिने आम्ही काहीच कमी केले नाही, फक्त लिहिले. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पहिल्याच दिवशी काटकसर सुरू केली की घरात कुरबुर होते आणि वही दोन आठवड्यांत बंद पडते.

तीन महिन्यांनी दिसले की आम्ही ज्याला किराणा म्हणत होतो, त्यात महिन्याच्या यादीबाहेर दुकानात केलेल्या आठ-दहा फेऱ्यांचे पैसे होते. लहान पाकिटे, अर्धा किलो तेल, पाव किलो डाळ, आणि गेलोच आहोत म्हणून घेतलेले चार जिन्नस. सासूबाई पूर्वी वर्षाची बेगमी करायच्या, ती पद्धत आम्ही पुन्हा सुरू केली. शाळू निघाल्यावर जत भागातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी घेतो, हळकुंडे घेऊन हळद दळून आणतो, चटणी उन्हाळ्यात करून ठेवतो. डाळी आणि गूळ तीन महिन्यांचा एकदम गणपती पेठेतून आणतो. ज्वारीत कडुलिंबाचा पाला घालताना सासूबाई स्वतः पुढे असतात. ज्या खर्चकपातीत घरातल्या वडीलधाऱ्यांना मान असतो, ती त्यांना कपात वाटत नाही, हे मी अनुभवाने सांगते. तुमच्या आई-वडिलांनाही यात घ्यावे.

औषधे, दूध आणि मुलीची फळे यांना कात्री लावू नये. मी एकदा दूध एक लिटरवरून पाऊण लिटर केले होते. सासऱ्यांनी काही न बोलता रात्रीचा कप सोडून दिला. ते मला चौथ्या दिवशी कळले आणि फार वाईट वाटले. दूध त्याच दिवशी पूर्ववत केले.

वर्षातून एकदाच येणारे खर्च तुमच्या यादीत दिसत नाहीत: गाडीचा विमा, शाळेची पुस्तके, गणपती, दिवाळी, आहेर. तुमचे हरवलेले आठ-नऊ हजार बहुधा तिथेच आहेत. आम्ही वर्षाचा अंदाज काढून त्याला बाराने भागतो आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकतो. जादा हप्त्याची रक्कमही पगाराच्या दुसऱ्या दिवशीच कर्जखात्यात जाते. महिनाअखेरीला उरेल ते भरू असे ठरवले होते त्या वर्षी आमच्याकडून एक रुपयाही भरला गेला नाही. पूर्वी मी भिशीत महिन्याला दोन हजार भरायची. ती संपल्यावर नवी धरली नाही, तेच दोन हजार कर्जाकडे वळवले. भरायची सवय होतीच, फक्त जागा बदलली.

एक सूचना: कर्ज फिटल्यावर ‘बाकी नाही’ असा दाखला घेऊन थांबू नका. मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत देणे बँकेवर बंधनकारक आहे आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. सोसायटीच्या दप्तरी असलेली बोज्याची नोंदही काढून घ्यावी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – एक महिन्यानंतर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. वहीवाल्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे महिनाभर सगळे लिहिले. तीन महिने पूर्ण व्हायचे आहेत, तरी जे दिसले ते नोंदवतो.

हरवलेले पैसे ८,४०० रुपये निघाले. त्यातले २,६०० आहेराचे होते, कारण लग्नसराईत तीन लग्ने आणि एक वास्तुशांत आली. १,४५० माझ्या गाडीच्या सर्व्हिसिंगचे, १,९०० कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या चहा-नाश्त्याचे आणि २,४५० ऑनलाइन घेतलेल्या कपड्यांचे. आहेर आणि गाडी ही उधळपट्टी नव्हे. आम्ही ते खर्च कधी मोजलेच नव्हते. आता अशा खर्चांसाठी दरमहा ३,५०० रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे ठरवले आहे. नाश्ता मी घरून नेतो. पत्नी सकाळपाळीला जाते त्या दिवशी आई भाकरी बांधून देते.

ठेव मोडली नाही. तिची मुदत दोन महिन्यांनी संपते, तेव्हा ती बँकेत हलवू. यंदाचे ऊसबिल तिच्यातच घालून तीन लाखांजवळ जाऊ आणि पुढच्या वर्षापासून ते कर्जात भरू. वडिलांना हे सगळे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी वही मागून घेतली आणि औषधांचा खर्च स्वतःच्या अक्षरात लिहिला.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी ६,००० रुपये जादा भरले, मुदत कमी करण्याचा अर्ज दिला आणि त्यावर शाखेचा शिक्का घेतला. काल विवरणपत्र काढले. मागच्या महिन्यात २०४ हप्ते बाकी होते, आता २०२ दिसतात. एक नेहमीप्रमाणे कमी झाला आणि एक या सहा हजारांमुळे. पत्नीने तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.