पहिली गावं कोकणात का नाहीत?

सह्यकडा: जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे तांबं आणि दगड वापरणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांच्या गावांचा नकाशा बघत होतो. दायमाबाद, नेवासे, इनामगाव, प्रकाशे... सगळी प्रवरा, भीमा, तापीच्या खोऱ्यांत. कोकणपट्टी मात्र रिकामी. पाऊस तर कोकणात 2500 मिमीच्या वर, इनामगावच्या शिरूर तालुक्यात जेमतेम 500. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यानं दुष्काळी पट्टाच का धरला असेल?

घोडकाठ: आमची जमीन घोड नदीकाठीच, इनामगावपासून फार लांब नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पाऊस किती पडतो यापेक्षा पडलेलं पाणी जमिनीत किती टिकतं ते बघा. आमची काळी जमीन पावसाळाभर पाणी धरून ठेवते. वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की पेरायचं, मग थंडीत थेंब पडला नाही तरी पीक ओलीवर येतं. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्यांत ढासळते आणि जमीन आपोआप खालीवर होते. लोखंड नाही, तांबं थोडं, बाकी दगडाची हत्यारं, अशा माणसाला ही जमीन किती सोयीची! इनामगावात जळालेलं धान्य सापडलं त्यात जव मुख्य, शिवाय गहू, मसूर. म्हणजे रब्बीच. कोकणातल्या पावसाला आणि तांबड्या मातीला ही पिकं मानवली नसती, आणि तिथलं दाट रान दगडी कुऱ्हाडीनं तोडणार किती?

पाण्याचंही तसंच. घोड उगम पावते भीमाशंकरच्या बाजूला. पाऊस घाटमाथ्यावर, पाणी आमच्या दारात. इनामगावकरांनी पुराचं पाणी वळवायला पाट खणला होता, त्याच्या कडेनं बांधही घातला होता. मला या लोकांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते या पाटासाठी.

तांबडीमाती: कोकणात माणूसच नव्हता असं कुणी समजू नये. मुंबईच्या आसपास सूक्ष्मास्त्रं, म्हणजे दगडाची बारीक हत्यारं सापडली आहेत. प्रश्न शेतकरी गावांचा आहे.

सह्यकडा: पटलं. पण एवढं जमलेलं इनामगाव उठलं कशानं?

घोडकाठ: इ.स.पू. 1000 नंतर तिथं प्रशस्त चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, गहू घटतो, शिकार वाढते. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ धवळीकर यांनी याचं कारण पाऊसमान घटणं हे दिलं. इ.स.पू. 700 च्या सुमारास गाव ओस पडलं. मला ते पटतं. आमच्याकडे लागोपाठ दोन वर्षं पावसानं ओढ दिली की आजही आधी गहू जातो, मग गुरं बाजारात जातात.

एक विनंती. तुमच्या गावाजवळ नदीकाठी पांढरीचं टेकाड, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचा उंचवटा असेल तर तिथली माती शेतात टाकायला नेऊ देऊ नका. हे जळके दाणे असल्याच थरांतून मिळाले. खापरं दिसली तर जागच्या जागी राहू द्या, फोटो काढून पुरातत्त्व विभागाला कळवा.