मदत हवी आहे: सुती फडकं विणायलेय पण कडा गुंडाळायल्यात

नमस्कार मैत्रिणींनो, मी परभणीची. लोकरीचे टोपडे-मोजे आईकडून शिकलेय पण सुती दोऱ्यानं पहिल्यांदाच करायलेय, ओट्याजवळ हात पुसायला साधं चौकोनी फडकं पाहिजे म्हणून. आईच्याच आठ नंबरच्या सुया, म्हणजे ४ मिमीच्या, ५० टाके घातले आणि एक ओळ सुलट एक उलट असं वीतभर विणलं, तर दोन्ही कडा आत वळून पार सुरळी झाली बगा, खालची कड तर तव्यावरच्या पापडासारखी वर येयलीय. इस्त्री फिरवली, तेवढ्यापुरतं सपाट आन् परत तेच.

जाऊबाई म्हणतात सगळ्याच ओळी सुलट विण, मग वळत नाही. ते पटतंय, पण मला मधे गुळगुळीत पाहिजे, मग कडेचे ४-५ टाके आन् खालच्या-वरच्या ५-६ ओळी तेवढ्या सुलट ठेवल्या तर भागंल का?

दुसरं म्हणजे काल मोजले तर टाके ५४! चार कुठून आले देव जाणे, उलटवरून सुलटवर येताना दोरा पुढंच राहत असंल बहुतेक. आता उसवू का मधेच दोन-दोन एकत्र विणून कमी करू?

आन् सुती दोरा ताणतच नाही, बोटं दुखायल्यात. धुतल्यावर आटतो म्हणून किती मोठं विणायचं तेही सांगा. आमच्याकडं एवढा कापूस पिकतो पण विणायचा दोरा मात्र दुकानात मोजक्याच रंगात, त्यामुळं उसवलं तर तोच वापरावा लागंल.