मदत हवी आहे: मुखपृष्ठ नसलेलं जुनं 'ब्लॅकहॉक' कॉमिक; अंक कसा ओळखायचा?

गजा_कट्टेकर

मंडळी, इथे जुन्या कॉमिक्सचे दर्दी आहेत हे ठाऊक असल्यामुळे विचारतोय.

आमच्या शेजारचे आजोबा (मुक्काम न्यू जर्सी) घर विकून मुलीकडे राहायला गेले. जाताना तळघरातलं बरंच काही वाटून टाकलं, त्यात माझ्या वाट्याला हे आलं. मुखपृष्ठ नाही, पहिलं पान नाही, मागचंही एखाददुसरं गेलं असावं. पानं पिवळी, कडा हात लावला की झडतात. पण आतली चित्रं! निळ्या-काळ्या गणवेशातले सात वैमानिक, त्यांचं स्वतःचं बेट, आणि हाणामारीला उतरताना 'हॉक-आ-आ!' अशी आरोळी. ब्लॅकहॉक, आंद्रे, ओलाफ, स्टॅनिस्लॉस, हेंड्रिक्सन, चक आणि चिनी स्वयंपाकी चॉप-चॉप. म्हणजे ब्लॅकहॉक मालिकाच, यात शंका नाही.

बहुतेक गोष्टी ब्लॅकहॉकच्या, मध्ये एक चॉप-चॉपची विनोदी गोष्ट आणि दोन पानं नुसता मजकूर. नाझी कुठेच नाहीत. विमानं दोन इंजिनांची, पंख्यावाली.

प्रश्न तीन. अंक कोणता ते कसं काढू? फाटलेली पानं चिकटवू का? आणि मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला हे वाचायला द्यावं का? चॉप-चॉपचं चित्र बघून मलाच कसंतरी झालं.

उडतीपरी

विमानांबद्दल मी सांगते, बाकीचं जाणकार बघतील. पंखाची पुढची कड विमानाच्या नाकाच्याही पुढे आलेली दिसते का? दिसत असेल तर ते ग्रुमनचं एक्सएफ५एफ स्कायरॉकेट. खरं विमान होतं ते. १ एप्रिल १९४० ला पहिल्यांदा उडालं, आणि अमेरिकन नौदलासाठी त्याचा फक्त एकच नमुना बनला! पुढे चाचण्यांच्या काळात त्याचं नाक लांब केलं, पण कॉमिकमध्ये ते आखूड नाकाचंच राहिलं. जगात एकुलतं एक असलेलं विमान ब्लॅकहॉकच्या टोळीत मात्र प्रत्येकाकडे.

नंतर टोळीने लॉकहीडचं एफ-९० हे जेट घेतलं. तेही खऱ्या जगात दोन नमुन्यांवरच थांबलं. ते उडालं जून १९४९ मध्ये. तुझ्या अंकात जेट नसेल तर अंक बहुधा त्याच्या आधीचा.

रद्दीवाला

परीताईंशी सहमत. आता पुढचं.

ब्लॅकहॉक सुरू झालं ऑगस्ट १९४१ मध्ये, 'मिलिटरी कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. प्रकाशक क्वालिटी कॉमिक्स. विल आयझनर, चक क्विडेरा आणि बॉब पॉवेल यांची निर्मिती. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. नायक मूळचा पोलिश, भावंडं जर्मन हल्ल्यात मेलेली. सूडकथाच म्हणायची. (गणवेश मात्र शत्रूच्याच शिंप्याकडून शिवून आणल्यासारखे!)

पण तुझा अंक 'मिलिटरी'चा नाही. त्यात ब्लॅकहॉकची एक गोष्ट आणि बाकी पानांवर 'डेथ पॅट्रोल'सारखी वेगळी पात्रं असत. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये त्याचंच नाव 'मॉडर्न कॉमिक्स' झालं, तिथेही तीच मिसळ. बहुतेक गोष्टी ब्लॅकहॉकच्या म्हणजे हा स्वतंत्र 'ब्लॅकहॉक' मासिकाचा अंक. ते १९४४ च्या हिवाळ्यात निघालं आणि पहिलाच अंक क्रमांक ९! कारण टपालाच्या सवलतीचा परवाना. नवं नाव म्हणजे नवा परवाना आणि नवा खर्च, म्हणून बंद पडलेल्या 'अंकल सॅम क्वार्टरली'चे आकडे पुढे चालवले. मजकुराची ती दोन पानंही टपालखात्याच्याच कृपेने. सवलतीसाठी थोडा गद्य मजकूर लागे. मुलं ती पानं उलटून पुढे जात असणार.

आता जाहिराती बघ. पत्त्यात शहरानंतर आकडा आहे का, 'न्यू यॉर्क १६' असा? ही टपाल विभागांची पद्धत मे १९४३ मध्ये आली, म्हणजे आकडा असेल तर अंक त्यानंतरचा. शिवाय मालकीचं निवेदन शोध, अगदी बारीक टायपातलं. ते वर्षातून एकदा छापावं लागे आणि त्यात वर्ष असतं. ते सापडलं तर काम फत्ते.

चिकटवण्याबद्दल: सेलोटेप अजिबात नको. गोंद कागदात मुरतो, तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही. वर्तमानपत्री कागद मुळात आम्लयुक्त, म्हणूनच कडा झडतायत. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात मागे आम्लरहित पुठ्ठा घालून ठेव, उन्हापासून लांब. पिना गंजल्या असतील तरी उपटू नकोस.

सोनचाफा

मुलाला द्यावं का, याबद्दल. चॉप-चॉप १९४१ मध्येच आला. बाकी सहा जण माणसांसारखे काढलेत आणि हा एकटा पुढे आलेल्या दातांचा, शेंडीवाला, हातात सुरा घेतलेला, मोडकं इंग्रजी बोलणारा. युद्धात चीन अमेरिकेच्या बाजूने होता, तरी हे असं. चिनी लोकांना येऊ न देण्याचा कायदा अमेरिकेने रद्द केला तोच १९४३ च्या डिसेंबरमध्ये. मालिका १९५७ मध्ये डीसी कॉमिक्स या प्रकाशकाकडे गेल्यावर त्याचं रूप हळूहळू सुधारलं, आणि १९८० च्या दशकात त्याला वू चेंग हे खरं नाव आणि माणसाचा चेहरा मिळाला.

मी असते तर दिलं असतं, पण शेजारी बसून. नऊ वर्षांचं पोर स्वतःच विचारेल, 'हा एकटाच असा का काढलाय?' तेव्हा उत्तर द्यायला तू तिथे हवास.

गजा_कट्टेकर

परीताई, रद्दीवाले, चाफा, मनापासून आभार. नाक आखूडच आहे, जेट एकही नाही. वह्या-स्टॅम्प विकणाऱ्या एका जाहिरातीत न्यू यॉर्कपुढे आकडा सापडला. मालकीचं निवेदन मात्र नाही, बहुतेक गेलेल्या पानावर असावं. गोष्टी दोन पूर्ण आहेत: एकीत वाळवंटातला किल्ला, दुसरीत हवामान ताब्यात घ्यायला निघालेला शास्त्रज्ञ. यावरून पुढे कसं जायचं?

रद्दीवाला

नाझी नाहीत आणि जेटही नाही, मग युद्धानंतर ते जेट येण्यापूर्वी, म्हणजे ढोबळमानाने १९४६ ते ४९. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस या संकेतस्थळावर 'ब्लॅकहॉक'चे त्या काळातले अंक काढ. तिथे प्रत्येक अंकातल्या गोष्टी आणि त्यांची पानसंख्या दिलेली असते, खलनायकांची नावंही बऱ्याचदा असतात. तुझ्या दोन गोष्टींची पानं मोज आणि जुळवत जा. त्या काळी अमेरिकेत २८ वर्षांनी कॉपीराइट हक्कांचं नूतनीकरण करावं लागे. क्वालिटीच्या बऱ्याच अंकांचं ते झालं नाही, म्हणून स्कॅनही आंतरजालावर मिळतात. शास्त्रज्ञाचं नाव काय ते इथे टाक, मीही शोधतो.