सहाला घरी जाणाऱ्याने पुस्तकांच्या धंद्यात येऊ नये?

प्रूफवाली, पुणे:
काल एका प्रकाशकांनी लिहिलं, 'पुस्तकाचं काम घड्याळ लावून होत नाही. सहाला घरी जायचंय त्यांनी बँकेत जावं.' वाचून राहवलं नाही. गणपती उठले की दसऱ्यापर्यंत आम्ही रात्री अकरापर्यंत बसतो, कारण दिवाळी अंक वेळेत स्टॉलवर हवा. तो संपतो न संपतो तोच साहित्य संमेलन. तिथे पुस्तक प्रकाशनाची तारीख जाहीर, संहिता मात्र अजून लेखकाकडेच. 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 आणि जादा कामाला दुप्पट मजुरी लिहिली होती. पंधरा वर्षांत जादा वेळेचा एक रुपया मी पाहिला नाही.

दुसऱ्या पिढीचा प्रकाशक:
तो कायदा दहा किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणांसाठी केला होता. आमच्याकडे चौघं आहेत. हजार प्रतींची आवृत्ती खपायला तीन-चार वर्षं लागतात, पैसे आणायचे कुठून? माझे वडील रात्र रात्र छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे, कधी तास मोजले नाहीत.

प्रूफवाली:
छापखाना त्यांचा होता. माझा नाही.

डीटीपीवाला:
रात्र होते ती लेखकांमुळे! तिसऱ्या प्रुफात अख्खे परिच्छेद बदलतात. पानं सरकली की अनुक्रमणिका, सूची सगळं पुन्हा. वर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये आणली की रफार भलत्याच अक्षरावर.

लेखिका, सातारा:
लेखकांवर ढकलू नका. माझं दुसरं प्रूफ आठ महिन्यांनी आलं आणि दोन दिवसांत परत मागितलं. शाळा सांभाळून मी ते रात्रीच वाचणार ना? आठ महिन्यांत माणसाला आपलीच वाक्यं खटकतात.

डीटीपीवाला:
खटकू देत, पण पहिल्या प्रुफात! सूची तुम्ही करून द्याल का?

लेखिका, सातारा:
देईन. आधी कुणी सांगितलं तर.

घरून मुद्रितशोधन:
आम्हाला तर तासच नाहीत. सोळा पानी फॉर्मचा, म्हणजे पुस्तकाच्या एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांचा, दर ठरलेला. गचाळ भाषांतर आलं की एका फॉर्मला दिवस जातो, दर तोच. मुलीच्या बारावीच्या वर्षी मी तिच्याशेजारी बसून प्रुफं तपासली, तिचा अभ्यास एकदाही घेतला नाही.

दुसऱ्या पिढीचा प्रकाशक:
बरं. नोव्हेंबरनंतर आलेली संहिता संमेलनासाठी घेणार नाही, एवढं करतो. दुप्पट मजुरी जमणार नाही.

प्रूफवाली:
एकपटीने सुरू करा. पण ती पगाराच्या पावतीवर दिसली पाहिजे.