एकबारी पिस्तुलाला कॅलिबर कोणतं? माझं मत .३०-३०ला

माळरान

शिकार आणि चकतीवरची नेमबाजी या दोन्हींसाठी एकच एकबारी पिस्तूल घ्यायचं ठरलं की पहिला वाद कॅलिबरवरून, म्हणजे कोणतं काडतूस यावरून होतो. दहातले आठ जण लगेच .४४ मॅग्नम सांगतात. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

पिस्तूल थॉम्पसन/सेंटर कंटेंडरच्या धाटणीचं धरू. १९६७पासूनचं हे डिझाइन. नळी खाली झुकवायची, एक काडतूस भरायचं, बंद करायची. पुढची मूठ काढून बिजागरीची एक पिन ठोकली की नळी बदलता येते. पण सुरुवात एकाच नळीने करायची आहे. शिकार कायद्याने परवानगी असेल तिथे, हरणाएवढ्या जनावराची, १५० यार्डांच्या आतली.

माझं उत्तर: .३०-३० विंचेस्टर, १४ इंची नळी.

हे काडतूस १८९५चं, लिव्हर-ॲक्शन (चापाजवळची दांडी हलवून काडतूस भरायच्या) रायफलींसाठी केलेलं. त्या रायफलींच्या नळकांडी मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (ठोकर बसताच पेटणाऱ्या बुडातल्या टोपीला) टेकतं, म्हणून गोळी चपट्या तोंडाची ठेवावी लागली. एकबारी पिस्तुलात ती सक्तीच नाही. टोकदार गोळी बिनधास्त भरा, ती वेग जास्त टिकवते. दुसरं, .३०-३०च्या शिकारी गोळ्या मुळातच कमी वेगाला फुलतील, म्हणजे लागल्यावर पसरतील अशा बनवतात. १४ इंची नळीतून १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साधारण २००० फूट प्रति सेकंदाने निघते. त्या वेगाला जलद रायफलीसाठी बनवलेली कडक गोळी सुईसारखी आरपार जाऊ शकते आणि जनावर जखमी होऊन दूर पळतं. .३०-३०ची गोळी शंभर यार्डांवरही नीट फुलते.

आता खाली पडण्याचा हिशेब. दोन्हींचा नेम १०० यार्डांवर बसवला, तर १५० यार्डांवर .३०-३० तीन-साडेतीन इंच खाली लागते. .४४ची २४० ग्रेनची गोळी १४०० फुटांनी सुटली तरी नऊ-दहा इंच खाली. हरणाच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम आठ इंचांची असते.

काडतूसवाला

असहमत. ही सगळी मांडणी १५० यार्डांवर उभी आहे. पिस्तुलाने १५० यार्डांवर बार काढायचाच कशाला? ज्याला तेवढं लांब मारायचंय त्याने रायफल घ्यावी. पिस्तुलाची मजा जवळ जाण्यात आहे.

.४४ मॅग्नम १९५५पासून आखूड नळीसाठीच बनलेलं आहे, त्याची दारू दहा इंचांत जळून जाते. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळीच्या फटीतून थोडा गॅस वाया जातो, एकबारीत ती फटच नाही. गोळीचा व्यास .४२९ इंच, म्हणजे ती फुलली नाही तरी भोक मोठं पडतं आणि रक्ताचा माग सापडतो. सरावाला त्याच नळीत .४४ स्पेशल चालतं. केस (काडतुसाचं धातूचं कवच) सरळ भिंतीची असल्याने रीलोडिंग, म्हणजे रिकामी केस पुन्हा भरणंही सोपं, कार्बाइड डाय (केस आकारात आणायचा कठीण धातूचा साचा) असेल तर केसला वंगण लावायची गरज नाही.

तुमच्या .३०-३०ची दारू लांब नळीसाठी निवडलेली. आखूड नळीत ती पुरती जळत नाही, उरलेली तोंडाबाहेर पेटते. संध्याकाळच्या अंधुक उजेडात असा एक बार काढून बघा. पुढचे काही क्षण काही दिसत नाही, आणि जनावर कुठल्या बाजूला गेलं हे नेमकं तेव्हाच बघायचं असतं.

माळरान

काडतूसवाला, झोताचा मुद्दा दहा इंची नळीला शंभर टक्के लागू आहे. म्हणूनच मी १४ इंच म्हटलं. झोत तिथेही असतो, पण बराच कमी.

अंतराचं मात्र तुम्ही फार सोपं करताय. १५० यार्डांवर मुद्दाम मारा असं मी म्हणतच नाही. झाडीतून उघड्यावर पाहिलं की अंतर कमी वाटतं. मनातले शंभर प्रत्यक्षात एकशे तीस निघतात. त्या चुकीत .४४ची गोळी पाच-सहा इंच खाली जाते, छातीऐवजी पायाला लागते. सपाट जाणारी गोळी हवी ती लांब मारण्यासाठी नाही, अंदाज चुकला तरी जनावराचे हाल होऊ नयेत म्हणून.

लोखंडी_मेंढा

दोघांनीही शिकारच धरून ठेवली आहे, शीर्षकाखाली चकतीही आहे. मी सिल्हूट (लोखंडी आकृत्या पाडायच्या) नेमबाजीतला, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

आयएचएमएसए ही पिस्तुलाच्या सिल्हूट नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संस्था १९७६ची. तिच्या मोठ्या बोअरच्या (मोठ्या काडतुसांच्या) स्पर्धेत लोखंडी कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १००, टर्की १५० आणि मेंढा २०० मीटरवर. नुसतं लागून भागत नाही, आकृती पडली पाहिजे. तिथे उपयोगी पडतो गोळीचं वजन गुणिले वेग. हा गुणाकार केला तर .४४ सुटताना .३०-३०पेक्षा किंचित पुढेच आहे. तेव्हा 'रायफलचं काडतूस म्हणजे जास्त ताकद' हे इतकं सरळ नाही.

खरी अडचण धक्क्याची. चाळीस बारांची स्पर्धा .४४ने खेळताना अर्ध्यातच हात आपोआप दचकायला लागतो. चाप दाबायच्या आधीच मनगट खाली जातं. मग कॅलिबर कितीही भारी असो, मेंढा उभाच. म्हणून या खेळात ७ मिमी टीसीयू चाललं. वेस उगाल्डे यांनी .२२३ रेमिंग्टनच्या केसचं तोंड सात मिलिमीटरपर्यंत रुंद करून ते तयार केलं. धक्का मवाळ आणि लांब, जड ७ मिमी गोळी २०० मीटरपर्यंत वेग राखते. माझं मत त्याला. अट एकच, केस स्वतः बनवायची तयारी हवी.

नवीन_नेम

मग सरळ .२२३च का नको? काडतुसं कुठेही मिळतात, धक्का नगण्य, अचूकता उत्तम. कागदी चकती आणि हरीण दोन्ही होईल ना?

सावध_चाप

नवीन_नेम, कागदासाठी जरूर घ्या. हरणासाठी माझा ठाम नकार. आखूड नळीत .२२३चा वेग बराच घटतो, आणि सहज मिळणाऱ्या ५५ ग्रेनच्या बऱ्याच गोळ्या लहान प्राण्यांसाठी असतात. त्या खांद्याच्या हाडावर फुटून वरवरची मोठी जखम करतात, आत पोचत नाहीत.

आणखी एक गोष्ट, तुमच्यासारख्या नव्यांसाठी मुद्दाम. कॅलिबरच्या आधी फ्रेम (पिस्तुलाचा सांगाडा) बघा. .२२३चा दाब ५५,००० पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच) जातो तरी कंटेंडरला चालतो, कारण केसचा बुड लहान आहे. फ्रेमवर मागे येणारा जोर म्हणजे दाब गुणिले बुडाचं क्षेत्रफळ. .३०८ विंचेस्टरचा दाब ६२,००० आणि बुडही मोठं, त्यामुळे ते या फ्रेमचं काम नाही. तसल्या काडतुसांसाठी १९९८मध्ये एन्कोर ही दणकट फ्रेम आली. 'बसतंय ना, मग चालेल' हा विचार इथे जिवावर बेततो.

शिवाय .२२३ बिनरिमचं, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड नसलेलं. रीलोडिंग करताना केसचा खांदा (तोंडाकडे निमुळता होणारा भाग) जरा जास्त मागे दाबला गेला की ठोकर बसल्यावर केस पुढे सरकते आणि बार फुसका जातो. रिम असलेल्या .३०-३० किंवा .४४ला ही कटकट नाही.

माझी शिफारस वेगळीच आहे: .३५७ मॅक्सिमम. एकाच नळीत .३८ स्पेशल, .३५७ मॅग्नम आणि .३५७ मॅक्सिमम तिन्ही चालतात. १९८३च्या सुमारास ते रिव्हॉल्व्हरमध्ये आलं, पण सिलिंडरच्या फटीतल्या झोताने सिलिंडरवरची फ्रेमची पट्टी खाल्ली जायला लागली आणि मागे पडलं. एकबारीत फटच नसल्याने हा दोष उरतच नाही. सरावाला .३८, शिकारीला मॅक्सिमम.

काडतूसवाला

कल्पना आवडली, पण आखूड केस वापरून झाल्यावर चेंबरमध्ये काजळीचं कडं साचतं. ते न काढता लांब केस घातली तर ती अडकते, ऐन जंगलात. शिवाय आखूड केसमधून गोळीला राइफलिंगपर्यंत (नळीतल्या पिळदार खाचांपर्यंत) उडी मारावी लागते, गोळ्यांचा गट थोडा पसरतो. माझ्या .४४ स्पेशलच्या बाबतीतही हे दोन्ही खरं आहे, फक्त तिथे दोन केसमधला फरक कमी आहे. .३८ आणि मॅक्सिममच्या लांबीत जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक पडतो.

माळरान

आणि मॅक्सिममची तयार काडतुसं क्वचितच मिळतात. जो रीलोडिंग करत नाही त्याच्या हातात शेवटी .३५७ मॅग्नमच राहतं, म्हणजे हरणासाठी पन्नास-साठ यार्डांची मर्यादा. लोखंडी_मेंढा यांचं टीसीयूही त्याच कारणाने बाद. .३०-३०ची काडतुसं मात्र तयार मिळतात.

धक्क्याबद्दलचं त्यांचं म्हणणं मला सगळ्यात वजनदार वाटलं. रीलोडिंग करणाऱ्याला त्यावर .३०-३०त उपाय आहे: शिशाची ओतीव गोळी आणि हलका भार (कमी दारू), १४०० फुटांच्या आसपास. दिवसभर मारलं तरी मनगट कुरकुरत नाही.

लोखंडी_मेंढा

हलका भार घ्या, पण त्याचा नेम शिकारी भारापेक्षा वेगळा बसतो, कधी कधी आडवासुद्धा. दोन्ही भार एकाच दिवशी, एकाच टेकणावर मारून स्कोपचे किती क्लिक फिरवावे लागतात ते स्कोपच्या झाकणात आतून चिकटवून ठेवा. शिकारीच्या आदल्या दिवशी शिकारी भाराने खात्री केल्याशिवाय निघू नका. आणि जंगलातही कानाला संरक्षण हवंच, पिस्तुलाच्या नळीचं तोंड रायफलीपेक्षा चेहऱ्याच्या किती जवळ असतं ते विसरू नका. माझं मत अजूनही ७ मिमीलाच. तयार काडतूसच हवं असेल तर ७-३० वॉटर्स बघा, .३०-३०चीच केस, तोंड सात मिलिमीटरला आवळलेलं.

माळरान

७-३० नक्की बघतो. पण १४ इंची नळीत त्याच्या तयार काडतुसांची गोळी शंभर यार्डांवर कितपत फुलते, हे ज्याने जनावरावर प्रत्यक्ष पाहिलंय त्याने लिहावं. तोपर्यंत मी .३०-३०वर आहे.